चौथा भाग तुझ्याकडे यायचा राहिला

वच्छे, खुनी कोण ते सांगू का आता?

नियम तुझाच. चौघांचाही शेवट वाचून होईस्तोवर ज्यानं वाचला त्यानं तोंड उघडायचं नाही. रहमतभाईंनी वाचला, गोविंदरावांनी वाचला, मी वाचला. चौथी तू. आणि तू तर आम्हाला असं मधेच टाकून चालती झालीस. आता या नियमाचं करायचं काय, ते कोणी सांगत नाही. फळ्यावर बेरीज लिहिता लिहिता माझा हात थांबतो, पोरी एकमेकींकडे बघतात. तव्यावर भाकर जळते. सासूबाई ओरडतात, "कमल, ध्यान कुठी हाये वं तुहं?" काय सांगू त्यांना? माझं ध्यान एका पुस्तकातल्या खोट्या बाईत अडकलंय, आणि जिच्याशी त्या बाईवरून भांडायचं ती खरी बाई गेली. हे सांगण्यासारखं आहे का?

लोक भेटायला येतात आणि म्हणतात, वत्सलाबाई फार शांत होत्या. शांत! मी तिथून उठून जाते. तू शांत होतीस म्हणे! डिटेक्टिव्ह यशोधरनं एखादा पुरावा नजरेआड केला तर तू मोटारस्टँडवर उभी राहून त्याच्या नावानं खडे फोडायचीस. येणारेजाणारे थांबून विचारायचे, काय झालं, कोणाशी भांडण आहे? रहमतभाई त्यांना सांगायचे, "कुछ नहीं भाई, पुस्तकातल्या माणसाशी."

आपली ओळख दुष्काळाच्या साली झाली. तू नवीन नवीन नर्स होऊन अनसिंगला आली होतीस, आणि आमच्या शाळेत पोरींना सुया टोचायला तुला वाशीमला पाठवलं होतं. पोरी रडत होत्या, मी हजेरीपटात मान घालून बसले होते. तू माझ्यामागे कधी येऊन उभी राहिलीस ते मला कळलंच नाही. "कोनता नंबर हाये हा? यशोधर चाळीतल्या खुनाच्या मागं लागते तो काय?" मी हजेरीपट धाडकन मिटला. आतलं पुस्तक खाली पडलं. तू ते उचललंस, साडीला पुसलंस आणि माझ्या हातात देऊन कानात म्हणालीस, "याचा शेवट बेकार हाये. पन सांगत नाई."

त्या दिवशीच मला तुझा राग आला होता. शेवट बेकार आहे हे सांगणं म्हणजे अर्धा शेवट सांगणंच झालं. तू मरेपर्यंत ते कबूल केलं नाहीस.

यशोधरचं दर महिन्याला एक पुस्तक निघायचं. वर पिस्तूल, किंचाळणारी बाई आणि कोपऱ्यात तिरप्या टोपीतला यशोधर. मोटारस्टँडवरच्या रहमतभाईंच्या पुस्तकांच्या स्टॉलवर आपल्यासाठी एक प्रत बाजूला निघायची, आणि एका प्रतीवर आपण चार अधाशी. वाट बघायला कोणीच तयार नाही. पुस्तक उसवायची कल्पना आपली असं गोविंदराव अजून म्हणतात. ते कोर्टात बेलिफ, त्यांना कशावरही हक्क सांगायची सवयच आहे. पण मी तिथं होते. तू पिशवीतून टाके काढायची कात्री काढलीस, पुस्तक पालथं घातलंस आणि त्याची शिवण टचाटचा कापलीस. रहमतभाईंनी डोळे मिटून घेतले. चार भाग झाले. प्रत्येकाला जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर घालून त्यांनीच पुन्हा दोरा घातला. एक भाग वाचायचा, पुढच्याला द्यायचा. तुझा भाग अनसिंगच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती जायचा. दर रविवारी भेटायचोच, पण तिसरा भाग सगळ्यांचा झाला की त्या रविवारी स्टॉलमागच्या बाकावर चौघांनी बसायचं आणि प्रत्येकानं खुनी कोण ते छातीठोक सांगायचं. मगच चौथा भाग सुटायचा. 'पंचायत' हे नाव मात्र गोविंदरावांचं. तेवढं देते मी त्यांना.

आणि ते आमलेट? देवा रे! यशोधरचा दोस्त तो शेठ दुसऱ्या भागाच्या शेवटी छातीत सुरा खाऊन मेला, आणि तिसऱ्या भागात हॉटेलात बसून आमलेट खातोय. रहमतभाईंनी घाईत आपण न वाचलेल्या एका जुन्या पुस्तकाची मधली पानं तिसरा भाग म्हणून या महिन्याच्या कव्हरात शिवली होती. पण कोणाच्या डोक्यात आलं का? पंचायत बसली. गोविंदराव म्हणाले, जुळा भाऊ. मी म्हटलं, वेषांतर. रहमतभाई हळूच म्हणाले, रूह असेल. आम्ही तिघंही लेखकाला वाखाणत होतो, काय डोकं आहे, काय कलाटणी आहे! तू गाल फुगवून ऐकत होतीस. "मी रोज दवाखान्यात मानसं पायतो," तू म्हणालीस, "मेल्ला मानूस आमलेट मांगत नाई." आणि तू कव्हर फाडून दाखवलंस. बाकावर हसून हसून माझ्या पोटात दुखलं. नंतर खरा तिसरा भाग वाचला तर तो इतका मिळमिळीत निघाला, की चुकीचाच बरा होता असा निकाल पंचायतीनं एकमतानं दिला.

मला सासरी असली पुस्तकं वाचायची मुभा नव्हती. मास्तरणीनं खुनाखुनीची पुस्तकं वाचावीत का, हा घरात वादाचाही विषय नव्हता, इतकं ते ठरलेलं होतं. मी भाग शाळेतल्या भारताच्या नकाशाच्या गुंडाळीत ठेवायची. रविवारी भाजीच्या नावाखाली निघायची. वच्छे, तुला कधी म्हटलं नाही, आज म्हणते. आठवड्यातले ते दोन तास मी कोणाची सून नव्हते, कोणाची बाई नव्हते, नुसती एक अडाणचोट भांडखोर बाई होते, आणि मला ती आवडायची. ते तू दिलंस. आता रविवार आला की मी पिशवी घेते, दारापर्यंत जाते, परत येते. पुन्हा जाते. भाजी काही आणली जात नाही.

आपलं खरं भांडण एकच. बाकीची सगळी गंमत होती. ते भांडण त्या बंगल्याच्या पुस्तकावरून सुरू झालं. पंचायतीत तुझी पाळी आली आणि खुनी कोण ते सांगायचं सोडून तू उलटच विचारलंस.

"खून झाला तवा दार कोनं उघडलं?"

"मोलकरणीनं," मी म्हटलं.

"पानी कोनं आनलं? रडनाऱ्या बाईले कोनं धरलं? पोलिसानं पयला दम कोनाले देल्ला?"

"मोलकरणीलाच. मग?"

"मंग तिले नाव काहून नाई? त्या बंगल्यात कुत्र्याले नाव हाये. टायगर."

मी म्हटलं, अगं, एवढ्याशा पुस्तकात किती जणांना नावं देत बसणार लेखक? तू म्हणालीस, "कुत्र्याले देते ना." मी म्हटलं, ही करमणूक आहे, यात असलं शोधायचं नसतं. "कोनाची करमणूक?" तू विचारलंस. गोविंदराव तुझ्या बाजूला गेले, साक्षीदाराचं नाव लागतंच म्हणे. मी चिडले. मी म्हटलं, तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची खोड आहे. त्यानंतर दर महिन्याला तू मोजायला लागलीस, या पुस्तकात मोलकरीण बेनाव, माळी बेनाव, ड्रायव्हर 'ड्रायव्हर'. आणि मी दर महिन्याला लेखकाची वकिली करत बसले.

मी वकिली का करत होते, माहीत आहे? कारण तुझं म्हणणं बरोबर असलं तर मला माझ्या माणसांकडेही बघावं लागलं असतं. आमच्या नातेवाइकांच्या त्या मोठ्या घरी तुला बाळंतपणाला बोलावलं होतं, मी सोबत आले होते. पोरगं आडवं होतं. सकाळपासून दुपारपर्यंत तू झटलीस, घामानं तुझी पाठ भिजली. पोर रडलं तेव्हा सगळं घर नाचलं. पेढे वाटले. पोराचं नाव काय ठेवायचं यावर तिथंच वाद सुरू झाला. आणि तुला मात्र 'ओ नर्स' म्हणून मागच्या दारानं वाटेला लावलं. तुझं नाव काय, हे त्या घरात एकानंही विचारलं नाही. तुझी वस्ती कोणती, तुम्ही बुद्धाचे का, हे मात्र आधीच विचारून झालं होतं. परतीच्या गाडीत तू सारखी यशोधरवर बोलत होतीस, भलतंच जोरात. मी हूं हूं करत होते.

आणि मग आली 'निळी बरणी'.

मी वर्गावर होते. अनसिंगची गाडी शाळेसमोरून जाते, ती थांबली. कंडक्टर फाटकातूनच ओरडला, "मास्तरीणबाई! नर्सबाईनं सांगतलं, नाव देल्लं म्हने! नवव्या पानावर!" हेडमास्तर खोलीतून बाहेर आले. पोरींना काहीच कळलं नाही. मला कळलं, आणि मी तोंडाला पदर लावून हसत राहिले. पहिला भाग तेव्हा माझा वाचून झाला होता, पण नाव माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. यमुना. मोलकरणीचं नाव यमुना.

तू त्या यमुनेवर असा जीव लावलास, की मला धास्ती वाटायला लागली. तिसऱ्या भागाच्या शेवटी निळ्या बरणीतलं विष तिच्या लुगड्याच्या पदरात बांधलेलं सापडलं आणि पोलिसांनी तिला कोठडीत टाकलं. पंचायतीत रहमतभाई म्हणाले, धाकटा दीर. गोविंदराव म्हणाले, यमुना, कारण पुरावा म्हणजे पुरावा. मी म्हटलं, डॉक्टर. तू बाकावरून उठलीस.

"कोनीबी असो. यमुना नाई. आन यमुनाच निंगाली, तं यशोधर मले मेला. आजपासून एकबी पुस्तक हाती धरनार नाई."

"अशी कशी सोडशील? इतक्या वर्षांचा नाद!"

"सोडीन. पायजो तू."

तेव्हा तुझे डोळे पिवळे होते का गं? मी रोज तो रविवार डोळ्यांपुढे आणते. ऊन होतं, रहमतभाईंच्या स्टॉलचं ताडपत्रीचं छप्पर पिवळं, त्याखाली सगळ्यांचीच तोंडं पिवळी. पण तू तर नर्स होतीस. दुसऱ्याच्या डोळ्याची पापणी ओढून सांगायचीस, कावीळ आहे, तेल बंद कर, मंत्राबिंत्राच्या नादी लागू नको. स्वतःच्या डोळ्यात आरशात बघायला तुला काय धाड भरली होती? कॅम्पांमागून कॅम्प, गावोगावची पायपीट, वर यशोधर. कधी बघणार म्हणा! पण मला राग येतो. येतो म्हणजे येतोच.

चौथा भाग माझा वाचून झाला तेव्हा तुला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. मी तो भाग पर्समध्ये घेऊन आले. वाटेत एकच विचार, देऊ का, सांगू का, काय सांगू. तू खाटेवर इतकीशी झाली होतीस. तुझी आई, म्हणजे आमच्या मावशी, पायाशी बसून होत्या. मी पर्सला हात घातला, तर तू हात वर केलास.

"नाई. उठून बसली का वाचीन. पडल्या पडल्या यशोधर वाचाचा नसते."

"बरं, मग मी नुसतं सांगते, थोडंसं..."

"खबरदार! नेम म्हंजे नेम. आन तिकडं तोंड कर."

"कुठं?"

"खिडकीकडं. तुह्या तोंडावर सारं लिहेल रायते. मले आत्ताच समजून जाईन."

आणि मी बैताडासारखी खिडकीकडे तोंड करून बसले. बाहेर एक कडुनिंब होता, खाली कोणीतरी सायकल धुवत होतं. तू मागून बोलत होतीस, अनसिंगचं, दवाखान्यातल्या पोरींचं, माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं. मध्येच झोपलीस. मावशींनी खुणावलं, मी चपला हातात घेऊन बाहेर आले. तुझ्याशी मी शेवटचं बोलले ते असं, तुझ्याकडे पाठ करून. आता सांग, या नियमाचं लोणचं घालू?

घे मग, ऐक. खुनी डॉक्टरच होता. मी जिंकले, आणि मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही. डॉक्टरनंच ती पुडी यमुनेच्या पदरात बांधली. यशोधरनं सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं, नेहमीसारखं पाईप पेटवून सगळं उलगडलं, डॉक्टर पळाला, पकडला गेला. धाकट्या दिराचं लग्न ठरलं. मालकीणबाई हवापालटासाठी समुद्रावर गेल्या. यशोधर हसला. समाप्त.

आणि यमुना? वच्छे, यमुनेचं नावच नाही. चौथ्या भागात एकदाही नाही. पुडीबद्दल बोलताना तो 'मोलकरीण' म्हणतो. तिला सोडलं, असं कुठंही लिहिलेलं नाही. मी तीनदा वाचलं. वाटलं, एखादं पान गळलं असेल, रहमतभाईंचा दोरा सुटला असेल. पानांचे आकडे तपासले, सगळे लागोपाठ. डॉक्टर तुरुंगात, बाकीचे समुद्रावर, आणि ती कोठडीतच. लेखक तिला तिथं ठेवून निघून गेला. तुला मी खिडकीकडे तोंड करून नाही, तुझ्याकडे तोंड करूनसुद्धा काय सांगितलं असतं? निर्दोष आहे, पण आत आहे?

तू गेल्यावर आम्ही तिघं बाकावर बसलो. गोविंदरावांनी सांगितलं, पुरावा फिरला तर आरोपीला सोडायचा हुकूम निघतो, तो निघालाच असणार, लिहिला नाही एवढंच. म्हणाले आणि स्वतःच उठून गेले. मी चौथा भाग रहमतभाईंपुढे धरला, म्हटलं, चारही भाग परत शिवून टाका, संपवा. त्यांनी हात मागे घेतला. "चौथी ने पढा नहीं, बाई. मी कसा शिवू?"

म्हणून काल तुझ्या पुण्यानुमोदनाला अनसिंगला आले तेव्हा तो भाग पर्समध्येच होता. विहारातली माणसं आली होती, दवाखान्यातल्या पोरी आल्या होत्या. तुझा फोटो बुद्धाच्या तसबिरीखाली, पांढऱ्या टोपीतला. वंदना झाली. लोक जेवायला बसले. मी कोपऱ्यात उभी, हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. मावशींनी मला ओसरीवर बोलावलं. तांदूळ निवडायचं सूप तसंच मांडीवर.

"मास्तरीण, एक इचारू?"

"विचारा ना, मावशी."

"यमुना सुटली काय वं?"

तू वाचून दाखवायचीस त्यांना! इतक्या वर्षांत एकदाही बोलली नाहीस. मला वाटायचं, म्हातारी आपली सूप घेऊन बसते, तिला कशाचं काय. आणि तिनं सगळे यशोधर ऐकलेले.

"सुटली," मी म्हटलं.

"कोनं सोडोली?"

"यशोधरनं. स्वतः गेला कोठडीत."

"काय म्हने तिले?"

"माफी मागितली त्यानं, मावशी. हात जोडून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सूप बाजूला ठेवलं.

"लबाड. तोंड पाय तुहं." त्यांचा आवाज चढला नाही. "वच्छीनं मले पयलेच सांगतलं होतं. तुमची ते पंचायत करून आली त्या दिवशी. म्हने, माय, तू पायजो, हा मानूस तिले फाशी नाई देनार, आन सोडनार बी नाई. इसरून जाईन. तसंच झालं ना?"

वच्छे, मी रडले. ओसरीवर, लोकांदेखत, पदर न लावता. तू गेल्याचा निरोप आला तेव्हा नव्हते रडले, तेव्हा नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. तुला माहीत होतं. पंचायतीत छातीठोक एक सांगितलंस, आणि घरी जाऊन आईला दुसरं. अकोल्याला मला खिडकीकडे तोंड करायला लावलंस ते शेवट कळू नये म्हणून नव्हतंच. आपलं भाकीत खरं ठरलेलं तुला माझ्या तोंडावर वाचायचं नव्हतं. मला तुझा इतका राग आला, आणि इतकी माया आली, की दोन्हीचं काय करू ते समजेना.

"हो मावशी," मी म्हटलं, "विसरला तो."

त्यांनी माझे डोळे स्वतःच्या लुगड्यानं पुसले, पोराचे पुसावेत तसे खसाखसा.

"मंग तो तं आता लिहत नाई. तूच सोडव."

"मी?"

"मंग कोन? शाळेत पोरीले शिकोतं ना? बस खाली. सोडव."

मी बसले. जेवणाच्या पंगतीतून दवाखान्यातल्या दोन पोरीही येऊन टेकल्या. मी घसा खाकरला. म्हटलं, सकाळची वेळ होती. शिपायानं कुलूप काढलं. यमुना बाहेर आली, उन्हानं तिचे डोळे दिपले. समोर यशोधर उभा होता, टोपी हातात घेऊन. तो म्हणाला...

"थांब वं," मावशी म्हणाल्या. "तो काय म्हनते ते राऊ दे. लेकरू कवापासून उपाशी असन. पयले तिले च्या पाज. घरच्या कपात."

मी पाजला, वच्छे.